जुन्या माउंटन बाइकच्या पुढच्या शॉकअपची घरच्या घरी सर्व्हिसिंग

दहा-बारा वर्षे वापरलेल्या माउंटन बाइकचा पुढचा शॉकअप दाबला जाईनासा झाला की तो ‘गेला’ असे सरसकट सांगितले जाते. प्रत्यक्षात तो अनेकदा झिजलेला नसतो, कोरडा पडलेला असतो. आपल्याकडे मध्यम किमतीच्या सायकलींवर सर्रास दिसणाऱ्या सनटूर एक्ससीटी किंवा एक्ससीएमसारख्या स्प्रिंगच्या फोर्कमध्ये (शॉकअपच्या पूर्ण जोडणीला फोर्क म्हणतात) खालच्या पायांत, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंच्या जाड नळ्यांत, ग्रीस भरलेले असते, आणि घाटातल्या दोन पावसाळ्यांनंतर त्याचे काळे, वाळूमिश्रित लुकण होते. पुढील कृती अशा फोर्कसाठीच आहे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या फोर्कची रीत वेगळी असून त्यातील हवा पूर्ण सोडल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये.

हत्यारे बाहेर काढण्यापूर्वी फोर्क दुरुस्त करण्याच्या लायकीचा आहे की नाही, हे तपासावे. पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि वरची चकचकीत नळी रबरी सीलमध्ये शिरते तेथे बोट टेकवून सायकल पुढे-मागे हलवावी. बोटाखाली ‘टक्’ असा धक्का जाणवला, तर आतल्या बुशमध्ये (नळी ज्यातून सरकते त्या कड्यांमध्ये) प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला आहे. तोच धक्का हँडलखाली जाणवला, तर दोष हेडसेटचा (हँडल ज्यावर वळते त्या बेअरिंगचा) आहे आणि फोर्क उघडण्याचे कारण नाही. नळीवरून नखही फिरवावे. गंजाच्या खळग्यात नख अडकत असेल, तर नवे सील बसवले तरी खळग्याची कड त्या सीलला लवकरच खाऊन टाकील.

ॲलन कीचा संच, रबरी हातोडी, जुन्या सुती साडीचे तुकडे, एक लांब काठी आणि टेफ्लॉनयुक्त ग्रीस एवढे सामान पुरते. गॅरेजमध्ये सहज मिळणारे लिथियम ग्रीस मात्र वापरू नये. त्याने आतल्या भागांना अपाय होतो, म्हणून सनटूर कंपनीही ते वर्ज्य मानते.

आता सायकल उलटी करून पुढचे चाक काढावे. डिस्क ब्रेक असल्यास कॅलिपर (डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग) सोडवून बाजूला बांधावा, आणि हायड्रॉलिक ब्रेक असल्यास चुकून लिव्हर दाबली जाऊन पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवावी. प्रीलोडची (स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करणारी) वरची गुंडी उणे खुणेकडे पूर्ण फिरवावी. त्यानंतर दोन्ही पायांच्या तळाचे बोल्ट (काही मॉडेलना नट असतात) चार-पाच फेरे सैल करावेत, पण काढू नयेत. त्यांच्या डोक्यावर हातोडीचा हलका टोला दिला की आत अडकलेली दांडी सुटते आणि आटे शाबूत राहतात. बोल्टबरोबर दांडीही फिरू लागली, तर कोणाला तरी फोर्क दाबून धरायला सांगावे, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने ती खिळून राहते. मग बोल्ट काढून खालचे पाय सरळ रेषेत ओढून घ्यावेत आणि निघालेला प्रत्येक वायसर कोणत्या क्रमाने होता, त्याचा फोटो काढून ठेवावा.

सर्वाधिक वेळ साफसफाईला द्यावा. काठीला कापड गुंडाळून ते खालच्या पायांच्या तळापर्यंत फिरवावे आणि कापड स्वच्छ बाहेर येईपर्यंत बदलत राहावे. माझ्या फोर्कला अकरा तुकडे लागले होते. सील फाटलेले नसेल, तर ते न उपटता जागच्या जागी पुसावे. यानंतर ग्रीस न लावता पाय नळ्यांवर पुन्हा चढवून हलवून पाहावेत, कारण बुशची खरी झीज याच वेळी कळते. बुश ढिले निघाले, तर या किमतीच्या फोर्कमध्ये ते बदलत बसण्यापेक्षा नवा फोर्क घेणे परवडते, असे माझे मत आहे. उजव्या पायात लॉकआउटचे (फोर्कची हालचाल बंद करणारे) हायड्रॉलिक कार्ट्रिज, म्हणजे तेलाची बंद नळी, असल्यास ते उघडू नये. तेल गळत असेल, तर पूर्ण कार्ट्रिजच बदलावे.

बुशच्या आतील बाजूस आणि सीलच्या ओठाखाली ग्रीसचा पातळ थर द्यावा, तसेच खडखडाट कमी व्हावा म्हणून स्प्रिंगलाही हात फिरवावा. पाय ग्रीसने ठासून भरले, तर हवेला जागा उरत नाही आणि फोर्क अर्ध्यातच अडतो. जोडताना सीलची कड आत मुडपत नाही ना, हे दोन्ही बाजूंनी पाहावे. मी एकदा घाईत उजवी कड तशीच दडपली आणि तिसऱ्याच दिवशी नळीवर काळे वलय उमटले.

बोल्ट आवळून चाक आणि ब्रेक बसवावेत, ब्रेक नीट लागतो याची खात्री करावी, फोर्क वीस-तीस वेळा दाबावा आणि बाहेर आलेले ग्रीस पुसून टाकावे. पहिली फेरी सपाट रस्त्यावर, हळू वेगाने मारावी आणि परत आल्यावर तळाचे दोन्ही बोल्ट पुन्हा तपासावेत.