जुनी रशियन लष्करी दुर्बीण घेताना

ऐरोलीच्या खाडीकाठी किंवा नेरूळच्या तलावावर फ्लेमिंगो बघायला जुनी सोव्हिएत दुर्बीण अजूनही उत्तम चालते. मात्र रंग आणि चामड्याची पेटी बघून पैसे मोजू नका. दुकानाबाहेर उघड्यावर या आणि लांबचं काहीतरी बघा.

आधी अंक वाचा. ८×३० म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग ३० मिमीचं. सिरियल नंबरचे पहिले दोन आकडे बहुधा साल असतात. ७८ असेल तर १९७८. अनेक लष्करी नमुन्यांना मधलं चाक नसतं, दोन्ही डोळ्यांचा फोकस वेगवेगळा लावावा लागतो. आत मापाच्या रेघाही असतात, त्या सहस्रांशात मोजतात: हजार मीटरवरची एक मीटरची वस्तू एक सहस्रांश दिसते. १.७ मीटर उंचीचा माणूस ५ सहस्रांश दिसला, तर १.७ गुणिले १००० भागिले ५, म्हणजे तो ३४० मीटरवर आहे.

खरी परीक्षा जोडणीची, म्हणजे दोन्ही नळ्या नेमक्या एकाच दिशेला बघतात का याची. निदान अर्धा किलोमीटर लांबच्या इमारतीच्या गच्चीची आडवी कड धरा आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दहा-पंधरा सेंटीमीटर मागे न्या. दोन्ही गोलांत ती कड एकाच पातळीत राहायला हवी. एकीकडे वर, दुसरीकडे खाली गेली, तर आतलं प्रिझम (प्रतिमा सरळ करणारी काच) सरकलंय. बहुतेक वेळा दुर्बीण आपटलेली असते. थोडा फरक डोळे सांभाळून घेतात, म्हणून दोन मिनिटांत कळत नाही. अर्ध्या तासाने मात्र डोकं ठणकायला लागतं. अशी दुर्बीण फुकट मिळाली तरच घ्या.

मग बुरशी. पुढच्या भिंगातून तिरका टॉर्च मारा आणि मागून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. धुळीचे ठिपके चालतात. बुरशी भिंगावरच्या लेपावर बसली की पुसूनही डाग राहतो. किंचित पिवळसर छटा या दुर्बिणींत नेहमीची, तिचं भांडवल करून भाव पाडता येत नाही.

फोकसची कडी जड फिरत असेल तर जोर लावू नका, आतलं ग्रीस घट्ट झालेलं असतं. चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासकट बघून घ्यावं, कडेचा बराच भाग कापला जातो.

घरी आल्यावर चामड्याच्या पेटीत ठेवू नका, पावसाळ्यात ती ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी त्या सुकवून घ्या.