डाकसेवक भरती: गुण भरपूर असूनही नाव हुकतं, या चुका टाळा

ग्रामीण डाकसेवक भरतीला ना परीक्षा, ना मुलाखत. दहावीच्या गुणांवर यादी लागते. जुलै २०२४ मध्ये देशभरात ४४,२२८ जागा निघाल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये २१,४१३. एवढ्या जागा म्हटल्यावर पोरं चहा पिता पिता मोबाइलवरच अर्ज उरकतात. मी तालुक्याच्या गावी असे अर्ज भरून देतो. यादीत नाव लागूनही कागदपत्रांच्या पडताळणीतून हात हलवत परत आलेले उमेदवार दर भरतीला भेटतात आणि बहुतेकांची चूक अर्जातच झालेली असते.

सगळ्यात महाग पडतो तो जातीचा रकाना. टपाल खातं केंद्राचं, हेच लोक विसरतात. ओबीसी असाल तर केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेयर दाखला लागतो. शाळा-कॉलेजसाठी काढलेला राज्याचा नव्हे. सेतूत अर्ज देतानाच ‘केंद्राच्या नोकरीसाठी’ असं ठणकावून सांगा, नाहीतर हातात नेहमीचाच कागद पडतो. व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असे राज्याचे रकाने इथे नाहीतच. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते बघायचं, असेल तर ओबीसी, नसेल तर पुढचा विचार. मराठा उमेदवारांचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) दाखला राज्यापुरता, इथे तो चालत नाही. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा रकाना बघा, पण त्यातही मेख आहे: उत्पन्न आठ लाखांच्या आत असून भागत नाही, कुटुंबाच्या नावावर पाच एकर किंवा जास्त शेती असली तरी तुम्ही बाद. आणि कुणबी दाखला असेल तर तुम्ही ओबीसीत, मग ईडब्ल्यूएस मागू नका.

दुसरी चूक गाव निवडण्याची. अर्ज टपाल खात्याच्या एकाच विभागात (डिव्हिजन) करता येतो, त्यातल्या गावांना पसंतीक्रम द्यायचा. पिंपळगाव, वडगाव, खडकी ही नावं एकेका जिल्ह्यात चार-चार सापडतात. ते गाव कोणत्या उपडाकघराखाली येतं हे बघितल्याशिवाय क्लिक करू नका. ‘बीपीएम’ म्हणजे शाखा डाकपालाचं पद घेतलंत तर त्याच गावात राहायचं आणि टपाल कार्यालयासाठी खोलीही तुम्हीच द्यायची. गेल्या खेपेला एका ताईंनी सत्तर किलोमीटरवरची वाडी पहिल्या पसंतीला टाकली, कारण यादीत ती सगळ्यात वर होती! निवड झाली, गावात खोली मिळेना, शेवटी पद सोडलं. काम रोजचं चार-पाच तासांचं, बीपीएमला सुरुवात महिना १२,००० रुपयांपासून, सहायक शाखा डाकपाल आणि डाकसेवकाला १०,००० पासून, वर महागाई भत्ता. त्यात घरभाडं आणि पेट्रोल बसतंय का, हा हिशोब आधी मांडा.

गुण भरताना गुणपत्रिका समोर ठेवा, आठवणीतून टक्के टाकू नका. टक्केवारी चार दशांशांपर्यंत मोजली जाते, तिथे एका गुणानेही क्रम खाली-वर होतो. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या कागदावर आहे तशीच लिहा. आधारवर वेगळी असेल तर आधार आधी दुरुस्त करून घ्या. दहावीला मराठी विषय असला पाहिजे; गोव्यातल्या जागांना कोकणी किंवा मराठी.

शुल्क १०० रुपये, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना माफ. पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी पोर्टलवर अर्जाची स्थिती तपासा. चूक उशिरा लक्षात आली तर दुरुस्तीची खिडकी असते. २०२५ ला ती ६ ते ८ मार्च अशी तीनच दिवस उघडी होती.

‘निवड पक्की करून देतो’ म्हणून फोन आला तर ठेवून द्या. खातं असे फोन करत नाही.

आणि पहिल्या यादीत नाव नाही म्हणून मोबाइल नंबर बदलू नका. जागा रिकाम्या राहतात तशा पुढच्या याद्या लागत राहतात. आमच्याकडच्या एका मुलाचं नाव चौथ्या यादीत आलं, तोवर त्याने जुनं सिम फेकून दिलं होतं. मामाने सहज यादी उघडली म्हणून कळलं. शेवटच्या दिवशी दुपारी तीनला तो मूळ कागद घेऊन पडताळणीच्या रांगेत उभा होता.