डोंबिवलीहून विमानतळ: लोकल-मेट्रोने जायचं तर आदल्या रात्री काय काय बघाल

सगळ्यात आधी तिकीट उघडा आणि विमानतळ कोणता ते वाचा. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात, त्यामुळे 'मुंबई' एवढंच वाचून भागत नाही. तिकिटावर विमानतळाचा कोड बीओएम असेल तर आपला जुना सहार-सांताक्रूझचा विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबई. मी लिहितेय ते जुन्याबद्दल. तिथेही टर्मिनल एक की दोन, हे पाहून घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. दोन्हींची मेट्रो स्टेशनं वेगळी आहेत.

मग विमानाची वेळ. दुपारचं किंवा संध्याकाळचं विमान असेल तरच हा मार्ग धरा, असं माझं स्पष्ट मत आहे. पहाटेच्या विमानासाठी मेट्रो उपयोगाची नाही, ती सहाच्या सुमाराला सुरू होते. आणि सकाळी आठ-नऊच्या फास्ट लोकलमध्ये मोठी बॅग घेऊन चढायचा हट्ट करू नका. तुमचेही हाल आणि दारात उभ्या असलेल्यांचेही. त्या दिवशी टॅक्सीचे पैसे खुशाल खर्च करा.

आता बॅग, कारण खरी परीक्षा तिचीच आहे. भरून झाली की ती एकट्याने उचलून घराचा एक जिना चढून-उतरून बघा. दम लागला तर सामान कमी करा किंवा दोन लहान बॅगा करा. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, पण लोकलच्या डब्यात बॅग हातानेच चढवावी लागते. गेल्या वर्षी आईला सोडायला जाताना तिच्या बॅगेचं एक चाक फलाटावरच निखळलं, आणि पुढचा सगळा रस्ता ती बॅग मी उचलून नेली. तेव्हापासून चाकं आदल्या रात्री फिरवून बघते. विळी, सुरी, अडकित्ता असलं काही परदेशी लेकीसाठी नेत असाल तर मात्र मेट्रो नको. विमानात खाली टाकायच्या बॅगेत ते चालतं, पण मेट्रोच्या दारावरही सामान मशीनमधून जातं आणि धारदार वस्तू तिथेच अडकते.

मार्ग तोंडपाठ करा. डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो लोकल मिळाली तर उत्तम, बसायला जागा मिळते आणि बॅग पायाशी राहते. घाटकोपरला उतरून पुलावरून मेट्रो एक, वर्सोव्याच्या दिशेची. जागृती नगर, असल्फा, साकीनाका आणि चौथं मरोळ नाका. तिथे मेट्रो तीनला बदला. पहिली मेट्रो पुलावर, दुसरी जमिनीखाली, म्हणून हा बदल लांबलचक आहे. वयस्कर माणूस सोबत असेल तर पंधरा मिनिटं त्यालाच द्या आणि लिफ्ट शोधा. कफ परेडच्या दिशेची गाडी धरा. पुढचंच स्टेशन टर्मिनल दोनचं, मग सहार रोड, मग टर्मिनल एक. मेट्रोचं तिकीट मोबाइलवर काढलंत तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, भुयारात रेंज मिळेलच असं धरून चालू नका.

घरापासून टर्मिनलच्या दारापर्यंत मी अडीच तास धरते. देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, तेव्हा त्याच्याही तासभर आधी पोहोचायचं या हिशेबाने मागे मोजत या. रविवार असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठल्या पट्ट्यात आहे ते शनिवारीच बघा आणि अर्धा तास वाढवा. ओळखपत्र आणि विमानाचं तिकीट हाताशी ठेवा. टर्मिनलच्या दारावर जवान दोन्ही बघतात.

परतीचा विचारही आत्ताच करा. मेट्रो तीनची शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमाराला सुटते आणि पट्ट्यावर बॅग यायला वेळ लागतो. नऊनंतर उतरणारं विमान असेल तर मेट्रोच्या भरवशावर राहू नका, रिक्षाने थेट घाटकोपर गाठा. तिथून लोकल मध्यरात्रीपर्यंत मिळते. डोंबिवलीला उतरल्यावर लागणारे रिक्षाचे सुटे पैसे आणि घराची किल्ली मोठ्या बॅगेत टाकू नका. ती खांद्यावरच्या पिशवीतच ठेवा.