सामन्याच्या दिवशी कॅफिन: किशोर खेळाडूंनी किती आणि केव्हा घ्यावे

सकाळी आठला खो-खोचा सामना असला की बरीच मुले रिकाम्या पोटी कडक चहा किंवा एनर्जी ड्रिंकचा डबा रिचवून मैदानावर येतात. हे थांबायला हवे, आणि त्यासाठी कॅफिन नेमके काय करते ते पालक व प्रशिक्षकांनी समजून घ्यावे.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे रसायन साचत जाते व त्यामुळे थकवा जाणवतो. ते मेंदूत जिथे चिकटते त्या जागा कॅफिन अडवते, म्हणून थकवा असूनही काही काळ जाणवत नाही. सावधपणा वाढतो, प्रतिसाद जलद होतो. खो मिळताक्षणी उठणाऱ्या खेळाडूला याचा थोडा लाभ होऊ शकतो. मात्र कबड्डीच्या चढाईत बोनस घ्यावा की मागे फिरावे, ही जाण सरावातूनच येते. मुळात घाबरट असलेल्या मुलाची छाती धडधडू लागते आणि हात थरथरतात, त्यामुळे नेमबाजीसारख्या खेळात तर नुकसानच अधिक.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2015 मध्ये मुलांसाठी दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे 3 मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण चिंताजनक नसल्याचे म्हटले. म्हणजे 40 किलोच्या मुलासाठी 120 मिलिग्रॅम. आपल्याकडे मिळणाऱ्या 250 मिलिलिटरच्या एनर्जी ड्रिंकच्या डब्यात साधारण 75 मिलिग्रॅम कॅफिन असते. त्यावर दोन कप कडक चहा झाला की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. शिवाय ‘मुलांसाठी शिफारस नाही’ असे त्या डब्यावरच छापलेले असते, तेव्हा एनर्जी ड्रिंक मुलांना देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोळा-सतरा वर्षांच्या ज्या खेळाडूला चहा-कॉफीची सवय आहे, त्याने सामन्याच्या साधारण पाऊण तास आधी, काहीतरी खाऊन, नेहमीचाच एक कप घ्यावा. नवा प्रयोग सामन्याच्या दिवशी कधीही करू नये. आधी दोन-तीन सरावांत घेऊन पाहावे आणि धडधड, मळमळ, रात्रीची झोप यांची वहीत नोंद ठेवावी.

झोपेची नोंद सर्वांत महत्त्वाची. प्रौढांच्या शरीरातून निम्मे कॅफिन जायला सुमारे पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॉफीचा अर्धा अंमल रात्री दहालाही उरतो. किशोरांना आठ ते दहा तासांची झोप लागते आणि दिवसभर शिकलेले डावपेच झोपेतच पक्के होतात. म्हणून सामना संध्याकाळी असेल, तर कॅफिन पूर्णपणे टाळावे.