अ‍ॅमोनिया प्लांट ट्रिप झाला? रीसेट दाबण्याआधी या चुका टाळा

द्राक्षांचा हंगाम, मार्चची दुपार, प्री-कूलिंगच्या खोल्या भरलेल्या, आणि नेमका तेव्हाच शीतगृहातल्या अ‍ॅमोनिया प्लांटचा कॉम्प्रेसर हाय प्रेशरवर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. बाहेर ट्रक उभा, मालकाचा फोन चालू. ऑपरेटर रीसेट दाबतो, अर्ध्या तासाने पुन्हा तेच. चौथ्या वेळी कोणीतरी कटआउटची (प्रेशर वाढलं की कॉम्प्रेसर बंद करणाऱ्या स्विचची) सेटिंग वाढवतो, नाहीतर टर्मिनलवर वायरचा लूप मारतो, म्हणजे कटआउट असून नसल्यासारखा. मी काम शिकलो त्या शीतगृहात असा एक लूप दोन हंगाम तसाच होता. मला तो रोज दिसायचा, तरी मी कोणाला विचारलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

हेड प्रेशर (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं प्रेशर) चढलं की कंडेन्सरवरचे क्षार, पंखा आणि पाणी सगळेच बघतात. हवा मात्र विसरतात. ब्लास्ट फ्रीझरसाठी सक्शन (कॉम्प्रेसरकडे गॅस ओढला जातो ती बाजू) उणे ३३ अंशांच्या खाली गेलं की ते व्हॅक्यूममध्ये असतं आणि शाफ्ट सीलमधून हवा आत ओढली जाते. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम नीट काढला नाही तरीही ती राहते. तपासणी सोपी आहे. कॉम्प्रेसर बंद करून, व्हॉल्व्ह लावून कंडेन्सर बाकी सिस्टिमपासून वेगळा करा, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान सारखं होईपर्यंत पाणी फिरू द्या, मग गेज वाचा. ३० अंशांना अ‍ॅमोनियाचं प्रेशर साधारण १५५ पीएसआय असायला हवं. गेज १७५ दाखवत असेल आणि ते गेज बरोबर असेल, तर वरचे २० हवेचे आहेत. पर्जरने (हवा बाहेर सोडणाऱ्या उपकरणाने) ती काढा, सेटिंगला हात लावू नका.

ऑइलच्या ट्रिपवर वारंवार रीसेट दाबणं तर त्याहून घातक. तेलाचं प्रेशर कमी पडलं की ऑइल डिफरन्शियल स्विच साधारण ६० ते १२० सेकंद थांबून ट्रिप करतो. म्हणजे प्रत्येक रीसेटला बेअरिंग तेवढा वेळ पुरेशा तेलाशिवाय फिरतं. पाच वेळा दाबलंत तर हिशोब तुम्हीच करा. वाचनातही चूक होते: गेज ४.५ दाखवतंय म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यातून सक्शनचे २.५ वजा करा. खरं ऑइल प्रेशर २ च आहे.

लाइट गेल्यानंतरचा रीसेट वेगळा आणि जास्त धोक्याचा. अमेरिकेत अलाबामातल्या थिओडोर इथल्या शीतगृहात २३ ऑगस्ट २०१० रोजी वीज परत आल्यावर कंट्रोल सिस्टिमचा अलार्म काढताना रेफ्रिजरेशन सायकल रीसेट झाली. एक इव्हॅपोरेटर (खोली थंड करणारा कॉइल) तेव्हा हॉट गॅस डीफ्रॉस्टमध्ये होता, म्हणजे गरम गॅस सोडून त्यावरचा बर्फ वितळवणं चालू होतं. आतला गॅस हळूहळू सोडण्याची पायरी गाळून तो थेट कूलिंगवर गेला, थंड लाइनमध्ये दणका बसला आणि छतावरचा पाइप फुटला. १४ टनांहून जास्त अ‍ॅमोनिया बाहेर पडला, १५० पेक्षा जास्त माणसांना तो लागला. आपल्याकडे लाइट जाणं नेहमीचंच, म्हणून पॅनलशेजारी कागद चिकटवा: कोणता कॉइल डीफ्रॉस्टमध्ये होता ते आधी पाहा, त्यातलं प्रेशर उतरू द्या, मगच सुरू करा.

गॅस डिटेक्टर शून्य दाखवतो म्हणून सगळं ठीक आहे, असं समजू नका. मेलेला सेन्सरही शून्यच दाखवतो. इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर दोन-तीन वर्षांत संपतो, एखाद्या मोठ्या गळतीत त्याआधीच. टेस्ट गॅस लावूनच तो तपासा. ‘आम्हाला वासावरून कळतं’ हे सांगणाऱ्या जुन्या माणसांचा मला आदर आहे, पण नाकाला वासाची सवय होते. ३०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग अ‍ॅमोनिया) जिवाचा धोका सुरू होतो.

सेफ्टी व्हॉल्व्हवरची तारीखही वाचा. पाच वर्षं झाली असतील तर तो बदला किंवा तपासून घ्या.

आणि सगळ्यात साधी चूक: गेज बदलल्यावर कटआउटकडे जाणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह बंदच राहतो. स्विच नवा, सेटिंग बरोबर, पण त्याला प्रेशर पोचतच नाही. म्हणून दुरुस्तीनंतर ट्रिपची चाचणी घ्या आणि ट्रिपचा दिवा लागला एवढ्यावर थांबू नका, मोटर थांबली का ते जाऊन पाहा. दिवा लागलेला, कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटलेला आणि कॉम्प्रेसर चालूच, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.