फोटो वर्षानुवर्षं जपायचेत? मग या चुका टाळा

सगळ्यात जास्त फोटो जातात ते सिंकलाच (फोन आणि क्लाउड सारखे ठेवण्यालाच) बॅकअप, म्हणजे वेगळी सुरक्षित प्रत, समजल्यामुळे. गुगल फोटोजच्या अ‍ॅपमध्ये फोटो डिलीट केला की तो क्लाउडमधूनही जातो. बॅकअप घेतलेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, त्यानंतर विषय संपला. अमर्याद फुकट जागाही १ जून २०२१पासून बंद आहे. १५ जीबीत जीमेल आणि ड्राइव्हसुद्धा बसवायचं. शिवाय तिथे फोटोंच्या कुलपाची किल्ली कंपनीकडे असते. ती स्वतःकडे हवी असेल, तर एन्तेसारखी एंड-टु-एंड एन्क्रिप्शनची, म्हणजे फोटो फक्त तुम्हालाच उघडता येतील अशी, सेवा घ्या आणि सोबत घरी हार्ड डिस्क ठेवाच.

टेकआउटमधून (गुगलमधला आपला डेटा उतरवून घेण्याची सोय) फोटो उतरवताना झिपचा आकार ५० जीबी निवडा, नाहीतर तुकडे गोळा करता करता दमछाक होते. सोबत येणाऱ्या जेसन (.json) फाइल कचरा समजून उडवू नका. गुगलमध्ये दुरुस्त केलेल्या तारखा आणि लिहिलेली वर्णनं त्यांतच असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो मूळ प्रत नव्हे. लग्नाचे फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पाचशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह मिळाला, तर तो बनावट समजा. चिप क्षमता खोटी सांगते. खरी जागा भरली की पुढच्या फायलींची नावं दिसतात, पण त्या उघडत नाहीत. एचटूटेस्टडब्ल्यू हा फुकट प्रोग्रॅम ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघतो. वेळ खातो, पण खोटेपणा लपत नाही. तसाही पेनड्राइव्ह किंवा एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात ठेवण्याची वस्तू नाही, वीज न मिळाल्यास त्यातला चार्ज हळूहळू झिरपतो. त्यासाठी वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन हार्ड डिस्क बऱ्या.

मुंबईची दमट हवा हा वेगळाच शत्रू. यूएसबीच्या पिना गंजतात. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसोबत डिस्क ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. दोन्ही डिस्क एकाच घरात असतील तर दुसरीचा उपयोग काय? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, तळमजल्यावरची कपाटं पाण्यात गेली. एक प्रत पुण्याच्या बहिणीकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

घराबाहेर ठेवायची डिस्क व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शन प्रोग्रॅमने लॉक करा. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. पासवर्ड विसरलात तर ‘फरगॉट पासवर्ड’ वगैरे काही नाही, फोटो गेलेच. म्हणून तो कागदावर लिहून पाकिटात घाला, पाकीट डिस्कपासून लांब ठेवा आणि ते कुठे आहे हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. सहा महिन्यांनी डिस्क जोडा आणि वेगवेगळ्या वर्षांचे वीसेक फोटो प्रत्यक्ष उघडून बघा. नुसती थंबनेल (छोटी चित्रं) पाहून समाधान मानू नका.

डिस्क दिसत नसेल तर आधी केबल बदला, मग पोर्ट. व्हेराक्रिप्टने पूर्ण लॉक केलेली डिस्क जोडली की विंडोज ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारतं. तिथे ‘कॅन्सल’च दाबायचं आणि व्हेराक्रिप्टमधून माउंट करायचं, म्हणजे पासवर्ड देऊन उघडायचं. टकटक आवाज येत असेल, तर लगेच काढून ठेवा. पुन्हा पुन्हा लावून बघण्यात उरलेले फोटोही जातात.