गाडीतली घूं घूं शोधताना या चुका टाळा

गाडीने साठचा वेग ओलांडला की कुठूनतरी एकसुरी घूं घूं सुरू होते. खडखडीची जागा बोट ठेवून दाखवता येते, ही मात्र सगळ्या गाडीत घुमते. मग जो तो आपापलं निदान सांगतो. एक म्हणतो बेअरिंग (चाक सहज फिरवणारं गोळ्यांचं कडं) गेलं, दुसरा म्हणतो टायर बदला, तिसरा थेट गिअरबॉक्स उतरवायला निघतो. दोन-तीन पार्ट बदलूनही आवाज जिथल्या तिथे राहतो, कारण तो नक्की कशाबरोबर वाढतो हे कुणी तपासलेलंच नसतं.

आधी पाना, मग विचार

आवाज चाकांच्या वेगाबरोबर वाढतो की इंजिनाच्या आरपीएमबरोबर (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांबरोबर), एवढं कळलं तरी निम्म्या गाडीवरचा संशय मिटतो. गाडी उभी करा, न्यूट्रलमध्ये ठेवा आणि ॲक्सिलरेटर देऊन आरपीएम 2,500 पर्यंत न्या. तोच आवाज आला तर चाकं आणि टायर यांना हात लावायची गरज नाही. नाही आला तरी इंजिन लगेच सुटत नाही, कारण उभ्या गाडीत त्याच्यावर भार नसतो. म्हणून रिकाम्या सरळ रस्त्यावर एकाच वेगात एकदा वरच्या गिअरमध्ये आणि एकदा एक गिअर उतरवून चालवून बघा. वेग तोच, आरपीएम वेगळा. सूर बदलला तर रोख इंजिनाकडे किंवा गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या बाजूला. काहीच फरक पडला नाही तर चाकांकडे.

काहीजण नीट ऐकू यावं म्हणून उतारावर चालत्या गाडीचं इंजिनच बंद करतात. हे अजिबात करू नका. ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) आणि पॉवर स्टिअरिंग दोन्हींची मदत इंजिनावर अवलंबून असते, आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

टायरच्या आवाजावर बेअरिंग बदलणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. बेअरिंग आणि वेडावाकडा झिजलेला टायर हे दोघं जवळजवळ एकाच सुरात वाजतात आणि दोन्ही वेगाबरोबर वाढतात. फरक रस्ता सांगतो. गुळगुळीत डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाचा पोत बदलला तर टायरवर संशय घ्या. बेअरिंगला रस्ता कुठला याचं फारसं सोयरसुतक नसतं, त्याला फरक पडतो तो भाराने. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं, त्यामुळे लांबलचक डाव्या वळणावर घूं घूं वाढली आणि उजव्या वळणावर दबली, तर बहुधा उजवीकडचं बेअरिंग बोलतंय. ही खूण दर वेळी जुळतेच असं नाही, पण सुरुवात इथून करावी.

टायर तपासायला नुसती नजर पुरत नाही. गाडी थांबलेली असताना तळवा ट्रेडवरून (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवरून) आधी पुढे, मग मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलेली असण्याची शक्यता मोठी. थोड्या थोड्या अंतरावर खळगे लागले तर शॉकॲब्सॉर्बर आणि बॅलन्सिंग बघून घ्या. हात हळू फिरवा, झिजलेल्या टायरमधून तार बाहेर आलेली असू शकते. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालणं. आवाजाने जागा बदलली की प्रश्न मिटला. आणि कारण दुरुस्त न करता नवे टायर घातले, तर काही महिन्यांनी तेही तसेच वाजू लागतात.

बेअरिंगसाठी चाक उचलावं लागतं. गाडी स्टँडवर टेका. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. एका हाताने सस्पेन्शनची कॉइल स्प्रिंग धरा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. चांगलं बेअरिंग हाताला जाणवतही नाही. खराब झालेलं असेल तर बारीक खरखर स्प्रिंगमधून बोटांपर्यंत पोचते. मग चाक वर आणि खाली धरून हलवून बघा. खेळ म्हणजे ढिलेपणा सापडला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) यांपैकी कुणाचा ते ठरवावं लागेल, पण तोवर गाडी हायवेवर नेऊ नका. फक्त एक चाक उचलून ते इंजिनाने फिरवायचा मोह मात्र टाळा. दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) हवेतलं चाक स्पीडोमीटर दाखवतो त्याच्या दुप्पट वेगाने फिरवतं.

बेल्टवर तेल ओतणं

आरपीएमबरोबर वाढणारा आवाज निघाला की बेल्टवर तेल किंवा स्प्रे मारण्याची जुनी खोड आहे. तेलाने रबर फुगतं, बेल्ट घसरतो, आणि मुळात वाजत असते ती टेन्शनर किंवा आयडलर पुली, म्हणजे बेल्ट ताणून धरणारं किंवा त्याला वाट दाखवणारं छोटं चाक. इंजिन थंड करून बेल्ट उतरवा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवा. अडकत फिरणारी किंवा खरखरणारी असेल तिला पकडा. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर एकदम चालू केल्यावर सूर जड झाला तर अल्टरनेटर (इंजिनावर चालणारा वीज बनवणारा भाग). तोच सूर फक्त स्पीकरमधून येत असेल तर आधी मोबाइलचा चार्जर काढून बघा, अर्थिंग नंतर.

मॅन्युअल गाडीत न्यूट्रलला येणारा आवाज क्लच दाबल्यावर थांबतो का? मग गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग (इंजिनाकडून फिरणाऱ्या दांड्याचं). उलट क्लच दाबल्यावरच सुरू होतो? रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं).

जे बिघडलेलंच नाही ते दुरुस्त करणं

चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून क्षणभर येणारी गुणगुण म्हणजे पेट्रोलचा पंप दाब तयार करतोय. इंजिन बंद केल्यावरही फिरणारा रेडिएटरचा पंखा, गाडी निघाल्यावर एकदाच येणारी एबीएसची (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) घरघर, हेही नेहमीचंच. इलेक्ट्रिक गाडी ताशी 20 किमीच्या आत जो हूं हूं आवाज काढते, तो पादचाऱ्यांना कळावं म्हणून मुद्दाम दिलेला असतो. पंपाचा आवाज मात्र एकाएकी मोठा झाला आणि पेट्रोल कमी असताना जास्तच वाढू लागला तर दुर्लक्ष करू नका, कारण टाकीतलं पेट्रोलच त्या पंपाला थंड ठेवतं.

गॅरेजला जाताना मोबाइलवरचं रेकॉर्डिंग फार कामाचं नसतं, वाऱ्याच्या आवाजात खालचा सूर हरवतो. त्यापेक्षा वेग, गिअर, वळण आणि रस्ता कागदावर लिहून न्या, आणि पाना हातात घेण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारा.